दरपत्रकातला दर जागेवरून काढायचा आहे: चुकारे (दुधाचे पैसे) चुकले, मदत हवी

सकाळचं_दूध (आर्वी तालुका, वर्धा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात बाबांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून चाळीसेक जण दूध घालतात, बहुतेकांकडे गवळाऊ आणि संकरित गाई. वहीचा हिशेब मी मागच्या वर्षी शीटमध्ये आणला. "रोज" नावाच्या पानावर ए मध्ये तारीख, बी मध्ये सभासद क्रमांक, सी मध्ये लिटर, डी मध्ये फॅट, ई मध्ये एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), एफ मध्ये दर आणि जी मध्ये रक्कम. दुसऱ्या पानावर "दरपत्रक": डावीकडे उभी फॅट (३.० ते ६.०), वर आडवं एसएनएफ, आणि मध्ये दर.

दरासाठी मी व्हीलूकअप (पहिल्या रकान्यात आकडा शोधून त्याच ओळीतल्या सांगितलेल्या रकान्यातलं आणणारं सूत्र) वापरत होते:

=व्हीलूकअप(डी२, दरपत्रक!$ए$२:$एल$३२, ७, ट्रू)

तो ७ म्हणजे ८.५ एसएनएफचा रकाना. बाकी एसएनएफसाठी रकाना बोटाने मोजून आकडा बदलायचे. दुधाची ओळ आली की मोज, टाक, पुढे जा.

गेल्या महिन्यात नवीन दरपत्रक आलं. त्यात सुरुवातीला ७.९ चा एक जास्तीचा रकाना होता. मी जुनं पुसून नवं तिथेच चिकटवलं आणि माझ्या हाताला सवय होती त्याप्रमाणे ८.५ ला ७ च टाकत राहिले. नव्या पत्रकात सातवा रकाना ८.४ चा होता. दहा दिवस सगळ्यांना एक पायरी कमी दर लागला. आमच्या पत्रकात एका पायरीला ३० पैसे. रोज ८ लिटर घालणाऱ्याचे दहा दिवसांत २४ रुपये कमी गेले. रक्कम लहान वाटेल, पण एका आजींनी पावती हातात धरून विचारलं, "पोरी, फॅट तर तेवढंच आहे, मग पैसे कमी कसे?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री बसून शोधलं तेव्हा कळलं.

फरक मी देणारच आहे. पण पुन्हा असं होऊ नये म्हणून फॅट आणि एसएनएफ दोन्ही टाकले की दर आपोआप सापडावा. कसं करू?

(सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच चालतात.)

---

मोबाईलवरच (हिंगणघाट)

ताई, सरळ एक्सलूकअप (व्हीलूकअपचा नवा प्रकार) वापरा. एकात एक दोनदा टाकलं की काम होतं. मी फोनवर गूगल शीटमध्ये वापरतो, चालतं.

---

हिशेबवही (दारव्हा, यवतमाळ)

सोसायटीत गटसचिव म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

एक्सलूकअप चांगलं आहे, पण ते एक्सेलमध्ये २०२१ ची किंवा त्यापुढची आवृत्ती, नाहीतर वर्गणीची ३६५ असेल तरच मिळतं. गूगल शीटमध्येही ते २०२२ मध्ये आलं. तालुक्याच्या सेवा केंद्रातल्या संगणकावर २०१० किंवा २०१३ चं एक्सेल असेल, तर तीच फाइल तिथे उघडून बदल करायला गेलात की सूत्राच्या जागी चूक दिसेल. चुकाऱ्याची यादी तुम्ही कुठे छापता, त्यावर हे अवलंबून आहे.

इंडेक्स आणि मॅच ही जोडी मात्र सगळीकडे चालते. जुन्या एक्सेलमध्ये, लिबरऑफिसमध्ये, फोनवर. मी तीच शिकायचा आग्रह धरीन.

तुमच्या चुकीचं मूळ व्हीलूकअपमध्ये नाही. कितवा रकाना हा आकडा तुम्ही हाताने लिहीत होता, तिथे आहे. जागेचा आकडा कधीही हाताने लिहायचा नाही, तो शीटलाच शोधायला लावायचा. पत्रक बदललं की हाताचा आकडा जुनाच राहतो, आणि तो जुना झालाय हे तुम्हाला कुणीही सांगत नाही. चूक दिसत नाही, लाल होत नाही, नुसता शेजारचा दर येतो. अशी चूक दहा दिवस काय, वर्षभरही लपून राहते.

---

चौफुली_कापूस (घाटंजी)

ताई, तुम्ही चौफुलीचं शेत पाह्यलं असंन. आडवं तास, उभं तास, डवरा दोन्हीकून चालते. आता कोन्या झाडाले अळी लागली हे मजुराले सांगाचं असंन त आपन काय म्हनतो? "धुऱ्यापासून बारावं तास, अन् त्याच्यातलं सातवं झाड." बस, मानूस बरोबर तिथं जाते.

इंडेक्सले हेच दोन आकडे लागतात. कितवी ओळ, कितवा रकाना. तो झाडापाशी नेते अन् तिथलं उचलून देते. पन हे बारा अन् सात मोजाचं काम त्याचं नाही. ते मॅचचं. मॅच म्हंजे धुऱ्यावर उभा राहून तास मोजनारा मानूस. त्याले म्हना "३.८ कुठं हाय?", तो म्हनते "नववं". दर-गिर त्याले काही माहीत नाही, त्याले फक्त जागा माहीत.

म्या हे माह्या पुतण्याकून शिकलो, कापूस वेचनीच्या मजुरीसाठी. कोन्या बाईनं कोन्या दिवशी किती किलो वेचला, ते असंच काढतो.

---

हिशेबवही

भाऊंनी नेमकं सांगितलं. आता ताईंच्या शीटवर ते बसवू या. नव्या पत्रकात एसएनएफ ७.९ ते ९.० आहे, म्हणजे बी ते एम असे १२ रकाने. फॅट ३.० ते ६.० म्हणजे ए२ ते ए३२ अशा ३१ ओळी. एफ२ मध्ये:

=इंडेक्स(दरपत्रक!$बी$२:$एम$३२, मॅच(डी२, दरपत्रक!$ए$२:$ए$३२, १), मॅच(ई२, दरपत्रक!$बी$१:$एम$१, १))

पहिला मॅच ओळ सांगतो, दुसरा रकाना सांगतो. इंडेक्सला दिलेला पट्टा आणि मॅचला दिलेले पट्टे एकाच ओळीपासून, एकाच रकान्यापासून सुरू झाले पाहिजेत. इंडेक्सला बी२ पासून दिलं आणि मॅचला चुकून ए१ पासून, तर सगळं एका ओळीने सरकेल. नवशिक्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते.

डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसतील तर सूत्र खाली ओढलं की पट्टाही खाली सरकतो, आणि विसाव्या सभासदाला पत्रकाच्या वरच्या एकोणीस ओळी दिसतच नाहीत.

---

सकाळचं_दूध

काकाजी, भाऊ, खूप आभार. टाकून पाहिलं, दर आला! पण दोन ठिकाणी अडकले.

एक, आमचं मशीन फॅट दोन दशांशांत देतं, ३.८७ असं. त्याला ३.८ चाच दर मिळतोय. दुसरं जास्त विचित्र आहे. एका सभासदाचं फॅट बरोबर ३.८ आहे, तरी त्याला ३.७ च्या ओळीतला दर येतोय. मी तीनदा तपासलं. ३.५ लाही तसंच, ३.४ ची ओळ येते. ३.१ आणि ३.२ ला मात्र बरोबर येतं.

---

मोबाईलवरच

ताई, फॅटचा रकाना तुम्ही हाताने टाइप केलात की "वरच्यात ०.१ मिळव" असं सूत्र लावून खाली ओढलात?

---

सकाळचं_दूध

सूत्र लावून ओढला. एकतीस ओळी कोण टाइप करणार म्हणून.

---

मोबाईलवरच

मग तेच. संगणक ०.१ हा आकडा आतून तंतोतंत साठवू शकत नाही, कारण तो दोनच्या पद्धतीत मोजतो. आपल्याकडे एकाचे तीन भाग केले की ०.३३३ लिहीत बसावं लागतं, संपत नाही, तसंच त्याचं ०.१ ला होतं. एकदा मिळवलं तर फरक जाणवत नाही. पुन्हा पुन्हा मिळवत गेलं की दशांशानंतर पंधरा-सोळा घरांवर किंचित जास्तीचं साचतं. डोळ्यांना ३.८ च दिसतं, पण आत तो ३.८ पेक्षा केसभर मोठा असतो. आणि मॅचमध्ये शेवटी १ लिहिलं की त्याचा अर्थ "मागितलेल्याएवढा किंवा त्याहून लहान, असा सर्वांत मोठा". केसभर मोठा असलेला ३.८ त्याला चालत नाही, म्हणून तो एक ओळ वर ३.७ वर जाऊन थांबतो.

कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मला वाटलं होतं, याचा उपयोग कुठे होणार. इथे झाला.

उपाय: फॅटचा रकाना टाइप करा, नाहीतर ओढताना प्रत्येक पायरीला राउंड लावा: =राउंड(ए२+०.१, १). एसएनएफच्या आडव्या ओळीलाही तसंच.

---

सकाळचं_दूध

अंगावर काटा आला वाचून. म्हणजे रकाना मोजायची चूक झाली नसती, तरी ३.८ वाल्यांना मी ३.७ चा दर देतच होते. व्हीलूकअपमध्येही ट्रू लिहिलं होतं. हे कधीपासून चालू आहे ते मला मागे जाऊन पाहावं लागेल.

---

पूर्णाकाठ (अकोला जिल्हा)

आमच्याकडे पूर्णाथडी म्हशी, म्हणून एक धोका सांगतो. शेवटी १ असेल तर मॅच वरच्या टोकाला काहीच बोलत नाही. पत्रक ६.० पर्यंत आहे आणि म्हशीचं फॅट ७.४ आलं, तर तो शेवटच्या ओळीवर जाऊन ६.० चा दर देतो. चूक दाखवत नाही. आमच्या इथे एका माणसाला कितीतरी दिवस असाच दर लागला. म्हशीचं दूध गाईच्या पत्रकावर मोजलं जात होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. खालच्या टोकाला उलट आहे. २.८ आलं तर "एन/ए" (सापडलं नाही) ची चूक येते, निदान दिसते तरी.

---

हिशेबवही

पूर्णाकाठचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. माझंच वरचं सूत्र सुधारतो.

पत्रकाच्या पायऱ्या स्वच्छ एका दशांशाच्या असतील, तर मशीनचा आकडाही आधी एका दशांशावर आणा आणि मॅचला शेवटी ० द्या. ० म्हणजे तंतोतंत तोच, नाहीतर चूक दाखव:

=इंडेक्स(दरपत्रक!$बी$२:$एम$३२, मॅच(राउंड(डी२,१), दरपत्रक!$ए$२:$ए$३२, ०), मॅच(राउंड(ई२,१), दरपत्रक!$बी$१:$एम$१, ०))

आता ७.४ आलं तर चूक दिसेल, ३.८ ला ३.८ च मिळेल, आणि पट्ट्याच्या आत रकाने पुढे-मागे सरकले तरी मथळा बघून जागा सापडेल. मॅचमध्ये शेवटचा आकडा लिहायचाच सोडला तर तो १ समजतो, म्हणून ० न विसरता लिहा.

एक गोष्ट मात्र सूत्राने ठरत नाही. ३.८७ ला ३.९ द्यायचं की ३.८? राउंड लावलं तर ३.९ होतं, राउंडडाउन लावलं तर ३.८. तुमच्या केंद्राला डेअरी जसा हिशेब लावते, तसाच तुम्ही शेतकऱ्याला लावा. डेअरीला विचारून घ्या आणि जे ठरेल ते केंद्राच्या फळ्यावर लिहून ठेवा. मी सोसायटीत असताना वाद रकमेवरून कमी व्हायचे, "नियम आधी सांगितला नाही" यावरून जास्त.

---

मोबाईलवरच

एन/ए दिसायला वाईट वाटतं. इफएरर (चूक आली तर तिच्या जागी दुसरं काही दाखवणारं सूत्र) लावून तिथे ० आणता येईल ना?

---

हिशेबवही

नको बाळा. दर ० आला की रक्कम ० होते, आणि महिनाअखेरच्या बेरजेत ती सहज मिसळून जाते. एखाद्याचं सकाळचं दूध फुकट गेलं हे कुणालाच दिसणार नाही. लावायचंच असेल तर इफएररमध्ये "तपासा" असा शब्द लिही. मग जी मधला गुणाकार चूक दाखवतो, बेरीजही अडते. चुकारा वाटण्याआधी ती अडलीच पाहिजे.

---

लेखनिक_बचतगट (तिवसा तालुका, अमरावती)

मी बारा बचत गटांचे हिशेब पाहते. धागा वाचून मीही मॅच लावलं, पण सभासदांच्या नावांवर. अर्ध्या नावांना एन/ए. गावाच्या नावावर लावलं तरी तेच. "कुऱ्हा" दोन्हीकडे लिहिलेलं आहे, अक्षर न अक्षर सारखं दिसतं, तरी म्हणतो सापडत नाही. मी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

---

मोबाईलवरच

ताई, मराठीत ही अडचण खरंच आहे. "ऱ्ह" तीन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यावर साधा र आणि खाली नुक्ता. तिसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा वर्ण. पडद्यावर तिन्ही सारखेच, शीटसाठी वेगवेगळे. याशिवाय नावाच्या शेवटी फोन स्वतःच एक मोकळी जागा टाकतो. ती ट्रिम लावून जाते, पण तो न दिसणारा वर्ण ट्रिमने जात नाही.

=लेन(ए२) लावून पाहा. दिसायला सारख्या दोन नावांची लांबी वेगळी आली की समजायचं.

---

हिशेबवही

म्हणून सोसायटीत खाते क्रमांक असतात. नावावर जुळवाजुळव करूच नका. एकाच गावात एका नावाचे दोन सभासद असतातच, मग मॅच पहिला सापडला की थांबतो आणि दुसऱ्याचे पैसे पहिल्याच्या ओळीत जातात. प्रत्येकीला क्रमांक द्या, क्रमांकावर मॅच लावा आणि नाव इंडेक्सने नुसतं दाखवायला आणा. क्रमांक डाव्या रकान्यात असो की उजव्या, फरक पडत नाही. व्हीलूकअपला शोधायचं ते डावीकडे लागतं, या जोडीला लागत नाही.

क्रमांक एकीकडे आकडा आणि दुसरीकडे मजकूर म्हणून बसलेले नाहीत ना, तेही पाहा. मजकूर पेशीत डावीकडे चिकटलेला दिसतो, आकडा उजवीकडे.

---

लेखनिक_बचतगट

लेन लावलं. एका "कुऱ्हा" ची लांबी ६ आणि दुसऱ्याची ७! आता कळलं. आजच प्रत्येकीला क्रमांक देते. पासबुकावरही तोच क्रमांक लिहीन.

---

संत्रा_बहार (वरुड)

माझा प्रश्न वेगळा आहे, पण जागेचाच आहे. आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत मी रोजचा भाव एका रकान्यात लिहितो. वरच्या पेशीत नेहमी शेवटचा भाव दिसायला हवा. मी =इंडेक्स(बी:बी, काउंटए(बी:बी)) लावलं. परवापर्यंत बरोबर होतं, आता कालच्या ऐवजी परवाचा भाव दाखवतोय.

---

हिशेबवही

मध्ये एक दिवस रिकामा सोडला का? काउंटए भरलेल्या पेशी मोजतो. एक पेशी रिकामी राहिली की मोजणी एकने कमी, आणि इंडेक्स एक ओळ वर थांबतो.

त्याऐवजी: =इंडेक्स(बी:बी, मॅच(९९९९९९९, बी:बी, १)). भाव इतका कधीच होणार नाही, म्हणून मॅच शोधत शोधत शेवटच्या आकड्यावर येऊन थांबतो. रिकाम्या पेशी तो मोजत नाही.

---

संत्रा_बहार

रविवार रिकामा होता. बसलं. कुणीतरी ऑफसेट (एका पेशीपासून ठरावीक घरं सरकून तिथलं आणणारं सूत्र) वापरायला सांगितलं होतं, तेही जमेल का?

---

मोबाईलवरच

जमेल, पण ऑफसेट शीटमध्ये कुठेही काहीही बदललं की दरवेळी पुन्हा गणित करतो. वर्षभराच्या नोंदी आणि जुना फोन असेल तर शीट अडखळते. इंडेक्स त्याच्या पट्ट्यातलं काही बदललं तरच करतो.

---

सकाळचं_दूध

उशिरा लिहितेय, दोन दिवस लाइन नीट नव्हती.

फॅटचा रकाना राउंड लावून नव्याने केला. मॅचला ० दिलं. डेअरीला फोन करून विचारलं, ते खालची पायरी धरतात, म्हणून राउंडडाउन लावलं आणि केंद्राच्या फळ्यावर खडूने लिहिलं. मग जुन्या सगळ्या ओळींना नवं सूत्र लावून शेजारी फरकाचा रकाना काढला. रकाना मोजायची चूक फक्त दहा दिवसांची होती, पण ०.१ ची चूक पहिल्या दिवसापासूनची. सभासदनिहाय बेरीज केली. सर्वांत जास्त फरक ४१२ रुपये निघाला. बाबा म्हणाले, सगळ्यांचे या चुकाऱ्यातच द्यायचे, आणि कशाचे ते पावतीवर वेगळं लिहायचं.

आता शेवटचं. महिन्याची लिटरची यादी मी आडवी ठेवली आहे, सी ते एजी, १ ते ३१ तारखा. चुकारा दहा दहा दिवसांचा. दर वेळी बेरजेचा पट्टा हाताने बदलावा लागतो. हाही हाताचाच आकडा झाला ना?

---

हिशेबवही

झाला. बरोबर ओळखलंत.

इंडेक्स नुसती किंमत देत नाही, ती पेशीच तुमच्या हातात देतो. म्हणून दोन इंडेक्सच्या मध्ये विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह (:) ठेवलं की पट्टा तयार होतो. बी१ मध्ये चुकारा कितवा ते लिहा, १, २ किंवा ३. मग पाचव्या ओळीच्या सभासदासाठी:

=सम(इंडेक्स($सी५:$एजी५, ($बी$१-१)*१०+१):इंडेक्स($सी५:$एजी५, इफ($बी$१=३, ३१, $बी$१*१०)))

तिसऱ्या चुकाऱ्याला ३१ पर्यंत जातो. महिना ३० चा असला तर शेवटची पेशी रिकामी राहते, तिने काही बिघडत नाही. वापरण्याआधी एका सभासदाचे तिन्ही चुकारे वहीशी ताडून पाहा.

---

चौफुली_कापूस

काकाजी, हे त माह्या वेचनीच्या हप्त्याले बी लागते. सात दिवसांचं कराचं असंन त १० च्या जागी ७ न?

---

हिशेबवही

होय भाऊ, दोन्ही ठिकाणी ७. आणि इफच्या आत ३ च्या जागी ५. पाचव्या हप्त्यात २९, ३० आणि ३१ तारीख येते.

---

सकाळचं_दूध

ताडून पाहिले. तिन्ही जुळले. उद्या सकाळी त्या आजी आल्या की आधी त्यांची पावती काढणार आहे.